अकरा महिन्यांचा पत्ता

पुण्यात भाड्याने घर घेणाऱ्या जोडप्याने खोल्या पाहण्याआधी नकाशा पाहावा, असे आमच्या आधी इथे येऊन स्थिरावलेल्या एका मैत्रिणीने बजावले होते. माझी नोकरी हिंजवडीच्या आयटी पार्कच्या तिसऱ्या टप्प्यात आणि नवऱ्याची पुणे स्टेशनजवळ. नेमणुकीच्या दोन्ही पत्रांवर ‘पुणे’ असेच छापलेले होते. प्रत्यक्षात हिंजवडी ना पुणे महापालिकेत येते, ना पिंपरी-चिंचवड महापालिकेत, आणि सकाळी नऊच्या सुमारास वाकडच्या पुलाखाली अडकलेल्या माणसाला ती पुणे जिल्ह्यात तरी आहे का अशी शंका यावी, इतका वेळ तिथे पोचायला लागतो. नागपुरात वाढलेल्या मला अंतर किलोमीटरमध्ये सांगण्याची सवय आहे, कारण तिथे किलोमीटरवरून मिनिटांचा अंदाज येतो. पुण्यात तो येत नाही. त्यामुळे घर कुठे घ्यायचे या प्रश्नाआधी, दोघांपैकी कोणी रोज किती वेळ रस्त्यावर घालवायचा, हा प्रश्न आमच्यासमोर येऊन बसला.

तो सोडवताना आमची जी भांडणे झाली, ती स्वतःच्या सोयीसाठी झाली असती तर लवकर मिटली असती. तो म्हणे, तुझ्या ऑफिसजवळ घेऊ, मी दुचाकीने जाईन-येईन. मी म्हणे, स्टेशनच्या बाजूला घेऊ, मला कंपनीची बस आहे, बसमध्ये झोप तरी काढता येते. दोघेही एकमेकांसाठी हट्ट धरून बसलेले, आणि दोघांनाही मनातून ठाऊक की आज ज्याने माघार घेतली, त्याला पुढे एखाद्या पावसाळी संध्याकाळी दीड तास वाहतुकीत अडकून घरी आल्यावर ती माघार बोलून दाखवता येईल. लग्नाला वर्षही झालेले नव्हते. उपकाराची अशी उधारी आपल्या नावावर नको, एवढ्या एकाच मुद्द्यावर आमचे न बोलता एकमत होते.

घर या गोष्टीकडे आम्ही दोघे किती वेगळ्या बाजूंनी पाहतो, हे याच काळात मला कळले. नवरा चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढला. वडिलांची श्रेणी वाढली की मोठे क्वार्टर मिळे, सामान हाकेच्या अंतरावरच्या दुसऱ्या ओळीत हलवले जाई, आणि घरभाडे पगारातूनच कापले जाई. घरमालक नावाचा माणूस त्याने वयाच्या तिशीपर्यंत जवळून पाहिलाच नव्हता. माझे माहेर नागपूरच्या महाल भागातले, अंगण असलेले जुने घर, आणि त्याच्या खालच्या दोन खोल्यांत कायम भाडेकरू. नवे कुटुंब आले की आजी त्यांना ओसरीवर बसवून प्रश्न विचारी: घरी किती माणसे, पाहुण्यांची ये-जा किती, स्वयंपाकात काय काय होते, आधीचे घर का सोडले. मी तिच्या मागे उभी राहून ते सारे ऐकत मोठी झाले. म्हणजे आमच्यापैकी एकाला घर हे ठरावीक नियमाने मिळते असे वाटत होते, आणि दुसरीला ते समोरच्याच्या मर्जीने मिळते हे पक्के माहीत होते.

पहिले काही रविवार आम्ही पश्चिमेकडे घालवले. वाकड, म्हाळुंगे, सूस या पट्ट्यात उंच, नव्या, देखण्या इमारती आहेत, लिफ्ट चार-चार, खाली व्यायामशाळा आणि निळ्या पाण्याचा तलाव. सूसच्या एका संकुलात एजंट यायला उशीर झाला म्हणून आम्ही सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये थांबलो होतो. समोरच्या टेबलावर सुतळीने पेन बांधलेली एक वही होती. पाहुण्यांची नावे लिहायची म्हणून ती रक्षकाने माझ्यापुढे सरकवली, पण पान उघडले ते भलतेच. तारीख, गाडी क्रमांक, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ, लिटर, सही. एकाच दिवसाच्या तारखेखाली पान भरून टँकर. मागचे पान उलटले, तिथेही तेच. रक्षकाने वही हळूच ओढून घेतली आणि दुसरी पुढे केली. थोड्या वेळाने आलेल्या एजंटाने पोहण्याचा तलाव फार कौतुकाने दाखवला.

पुण्याचे पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या साखळीतून येते. चारही भरली की साठा साधारण २९ अब्ज घनफूट होतो. पावसाळ्यात धरण भरल्याची बातमी वाचून शहराला पाण्याची ददात नाही असे बाहेरच्या माणसाला वाटते, पण धरणात पाणी असणे आणि जलवाहिनी आपल्या दारापर्यंत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूस, म्हाळुंगे यांसह २३ गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावे आली होती. इमारती मात्र त्यांच्याही आधी आल्या होत्या, आणि महापालिकेची हद्द एका अधिसूचनेने वाढते, तशी पाण्याची वाहिनी वाढत नाही. वहीतल्या त्या पानाने मला जे सांगितले ते एवढेच. त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न पाण्याचा विचारू लागले, तोही एजंटाला किंवा मालकाला न विचारता, जिन्यात भेटलेल्या कामाच्या मावशींना. त्यांना कोणत्या इमारतीत भांडी घासताना नळाची धार बारीक होते, हे मजल्यानिशी ठाऊक असते.

सिंहगड रस्त्यावर भाडी त्या मानाने बेताची होती. तिथे नदीच्या बाजूच्या एका इमारतीत आम्हाला घर आवडलेही होते. पण वाहनतळातल्या भिंतीला नवा रंग फक्त छातीच्या उंचीपर्यंत दिलेला होता, आणि त्याच्या वर जुना, मळका पिवळा तसाच होता. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीच्या परिसरात घरांत पाणी कसे शिरले होते, ते आम्ही बातम्यांत पाहिले होते. भिंतीकडे पाहून आम्ही दोघांनीही काही न बोलता पायऱ्या उतरल्या. त्याच रस्त्याला आणखी पुढे गेले की नांदेड, किरकटवाडी लागते. जानेवारी २०२५ मध्ये गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण ज्या भागात मोठ्या संख्येने आढळले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले, तो हाच पट्टा. तिथे राहणारी हजारो माणसे तिथेच राहत आहेत, आणि आम्हीही राहिलो असतो. परंतु निवड करण्याची मुभा असताना पाण्याची धास्ती विकत घेण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

एजंटांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एका महिन्याचे भाडे ही त्यांची दलाली ठरलेली, आणि ‘सर, याला दोन पार्ट्या तयार आहेत, टोकन आजच द्या’ हे वाक्यही ठरलेले. लिहिण्यासारखे आहे ते त्यांच्या पहिल्या प्रश्नाविषयी. फोनवर खोल्या किती, बजेट किती याच्याही आधी विचारले जाई: ‘आडनाव काय आपलं?’ आमचे आडनाव विदर्भात सर्रास आढळते, पण सह्याद्रीच्या या बाजूला ते पटकन उलगडत नाही. त्यामुळे पलीकडे क्षणभर शांतता पसरे, आणि मग ‘अच्छा… म्हणजे तुम्ही…?’ असा एक प्रश्न अर्धाच सोडून दिला जाई. उरलेला अर्धा आम्ही पूर्ण करावा अशी अपेक्षा असे. नवरा दर वेळी अतिशय गंभीरपणे ‘इंजिनिअर’ असे उत्तर देई. काही जण हसून पुढे जात. काहींचा फोन पुन्हा आला नाही. मग आहाराची चौकशी. मांसाहार चालणार नाही, एवढे सांगून थांबणारे लोक प्रामाणिक म्हणायचे. एका गृहस्थांनी आम्ही अंडी फ्रिजमध्ये कुठल्या कप्प्यात ठेवू, याचीही विचारणा केली होती. ज्या शहराने समाजसुधारणेच्या चळवळी पाहिल्या, त्याच्या दारावर आजही ही चाळण लावलेली असते, आणि ती मराठी माणूस मराठी माणसाला लावतो. याचा मला राग आला आणि अजूनही येतो. एकटे मुलगे, एकट्या मुली आणि मुसलमान कुटुंबे यांना याच फोनवर काय ऐकावे लागत असेल, याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही.

तरीही मालकांच्या सगळ्याच प्रश्नांना मी एका पारड्यात टाकू शकत नाही, याला कारण आजी. तिच्या प्रश्नांमागे जशी जुनी मते होती, तशीच एक भीतीही होती. तिच्या माहेरच्या घरात एका भाडेकरूने पिढी बदलेपर्यंत मुक्काम केला होता. तेव्हा नागपुरात सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश, १९४९ लागू होता, आणि भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायलासुद्धा आधी नियंत्रकाची परवानगी मिळवावी लागे. पुण्या-मुंबईकडे १९४७ चा मुंबईचा कायदा होता, मराठवाड्यात हैदराबादचा. उद्देश चांगला होता, फाळणी आणि महायुद्ध यांनंतरच्या टंचाईत भाडेकरूला आधार हवाच होता; पण भाडी गोठली, गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती परवडेना, आणि पेठांतले कितीतरी वाडे मालक आणि भाडेकरू यांच्या वादात वाळवीच्या स्वाधीन झाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने तिन्ही जुन्या व्यवस्था एकत्र आणल्या आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. पण भीती त्या तारखेला संपली नाही. आज सर्वत्र जो अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार चालतो, त्यात घरावरचा हक्क मालकाकडेच राहतो आणि आपल्याला ते वापरण्याची परवानगी तेवढी मिळते. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम २४ नुसार दुप्पट रक्कम भरावी लागते. हे सारे मी नवऱ्याला एका अमृततुल्यात बसून समजावून सांगितले, तेव्हा त्याने शांतपणे विचारले, ‘म्हणजे आपल्याला घर मिळणारच नाही, फक्त परवानगी मिळणार?’ क्वार्टरमध्ये वाढलेल्या माणसाला याचे नवल वाटायला नको होते.

घराच्या जागेचा पेच अखेर मेट्रोने सोडवला. वनाझहून निघणारी मार्गिका १ ऑगस्ट २०२३ पासून रुबी हॉलपर्यंत धावू लागली होती आणि वाटेत पुणे रेल्वे स्थानक लागते, म्हणजे नवऱ्याला एकाच गाडीने कामावर जाता येणार होते. हिंजवडी–शिवाजीनगर मार्गाचे खांब मात्र आम्ही घर शोधत असताना नुसतेच उभे होते, त्यांच्या भरवशावर करार करण्यात अर्थ नव्हता; पण माझ्या कंपनीची बस चांदणी चौकातून बाह्यवळण रस्त्याने जाते, आणि तिथला नवा उड्डाणपूल झाल्यापासून पूर्वीइतकी कोंडी राहिलेली नाही असे सहकारी सांगत होते. वनाझ आणि चांदणी चौक यांच्या मध्ये कोथरूड आहे. दोघांनाही थोडा थोडा त्रास होईल आणि कोणाचाही उपकार कोणावर राहणार नाही, असे ते ठिकाण होते.

कोथरूडमध्ये मात्र एका अनपेक्षित स्पर्धेला तोंड द्यावे लागले. तिथल्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला चालल्या आहेत. इमारत पाडली की बांधकाम पूर्ण होईपर्यंत सभासदांचे भाडे विकसक भरतो, आणि ज्येष्ठ मंडळींना आपला भाजीवाला, आपले डॉक्टर आणि आपली बाग सोडायची नसते, म्हणून तीही त्याच दोन-तीन गल्ल्यांत घर शोधत असतात. भाडे दुसऱ्याच्या खिशातून जाणार असल्याने ते घासाघीस करत नाहीत, आणि मालकांनाही आमच्यासारख्या नवख्यांपेक्षा समोरच्या सोसायटीतले निवृत्त प्राध्यापक बरे वाटतात. त्यांना कोणी आडनाव विचारत नाही, ते आधीच माहीत असते. आमच्या हातून दोन चांगली घरे अशीच गेली.

जे घर मिळाले ते तिसऱ्या मजल्यावरचे, लिफ्ट नसलेले, कडाप्प्याचा ओटा आणि आत घेतलेली बाल्कनी असलेले. मालकीणबाई त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. नवऱ्याने आत शिरताच नेहमीप्रमाणे कुलर कुठे बसेल ते पाहायला सुरुवात केली. पुण्याच्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कुलर लागत नाही, हे त्याला अनेकांनी सांगून झाले होते. पण पंचेचाळीस अंशांत वाढलेल्या माणसाच्या डोक्यातून खिडकीबाहेरची ती चौकट जात नाही. मी स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला, मग न्हाणीघरातला, मग दोन्ही एकदम. न्हाणीघरात झाकणाचे निळे पिंप होते. काकू दारात उभ्या राहून पाहत होत्या. ‘ते गुरुवारसाठी,’ त्या म्हणाल्या. ‘दुरुस्ती असली की कॉर्पोरेशन गुरुवारी पाणी बंद ठेवतं. बुधवारी रात्री भरून ठेवायचं, म्हणजे शुक्रवारी सकाळी गढूळ आलं तरी अडत नाही.’ पाण्याविषयी न विचारता खरे सांगणारी इतक्या शोधात भेटलेली ती पहिलीच व्यक्ती होती, आणि माझ्यापुरता निर्णय त्या क्षणी झाला. नवऱ्याचा थोड्या वेळाने झाला, वनाझ स्थानकापर्यंत एकदा चालून पाहिल्यावर.

मग ओसरीवरची ती बैठक झाली, फक्त ओसरीऐवजी काकूंचा दिवाणखाना होता आणि मी उत्तरे देण्याच्या बाजूला होते. त्यांनी बरेच विचारले, जात विचारली नाही. आम्हीही विचारले. आधीच्या भाडेकरूंनी घर का सोडले? अनामत परत करताना रंगकामाचे पैसे कापणार का? कापणार असाल तर किती, ते करारातच लिहूया का? शेवटच्या प्रश्नावर त्या जरा थबकल्या, मग म्हणाल्या, ‘लिहूया की. मुलालाही असं लिहिलेलंच आवडतं.’ मुलगा परदेशात असतो. सभासदाने घर भाड्याने दिले की सोसायटी लावते ते बिनभोगवटा शुल्क आम्ही भरावे अशी त्यांची अपेक्षा होती. २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, म्हणजे रक्कम किरकोळच होती; त्यावर ताणून धरले नाही. भाडे महिना २६ हजार आणि अनामत ८० हजार ठरली.

कराराची नोंदणी घरीच झाली. लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठा घेण्याचे छोटे यंत्र घेऊन एक तरुण आला. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवर धरलेले वर्षाचे दहा टक्के व्याज यांच्या बेरजेच्या पाव टक्का असते, ते आमच्या हिशेबात ७५० रुपयांच्या आत बसले. नोंदणी शुल्क १,००० रुपये. कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदवला नाही तर वादात भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, हे त्या तरुणाने काकूंना सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. नंतर त्यांचा अंगठा उमटेना. यंत्राचा दिवा तांबडाच राही. भांड्यांनी आणि वयाने बोटावरच्या रेषा पुसट झालेल्या. तरुणाने ओल्या फडक्याने अंगठा पुसायला सांगितला, मग कोरडा करायला सांगितला, मग दुसरे बोट, मग डाव्या हाताचे. नवरा मधल्या काळात शेजारच्या साक्षीदारांना चहा देत होता, काकूंच्याच स्वयंपाकघरातून. शेवटी डाव्या अनामिकेवर यंत्र राजी झाले. पोलिसांकडे द्यायची भाडेकरूंची माहिती त्याच बैठकीत भरली गेली, आणि माझ्या आईने दिलेले गोदरेजचे कपाट दुसऱ्या दिवशी चार माणसांनी शिव्या घालत तिसऱ्या मजल्यावर चढवले.

त्यानंतर एकदा कराराचे नूतनीकरण झाले आहे, थोड्या वाढीव भाड्याने. कुलर आलेला नाही, पण त्याची जागा ठरलेली आहे. गेल्या आठवड्यात खालच्या सूचनाफलकावर पुनर्विकासाच्या विषयासाठी विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लागली. ती सभासदांसाठी आहे. भाडेकरूंना त्या सभेत जागा नाही, आणि इमारत पाडायचे ठरले तर विकसकाकडून मिळणारे भाडे आणि सामान हलवण्याचा खर्च हाही सभासदांचाच. नवऱ्याने रात्रीच आयडियल कॉलनी आणि नळ स्टॉपच्या आसपासची घरे पाहायला सुरुवात केली, आणि मी त्यांच्यापैकी कुठे गुरुवारखेरीजही पाणी जाते, ते आमच्या मावशींना विचारून ठेवले. सकाळी जिन्यात काकू भेटल्या, तेव्हा त्यांनाही विचारले की त्या कुठे जाणार.

‘मी कशाला कुठे जाते,’ त्या म्हणाल्या. ‘अगं, आमच्या सभेत गच्चीच्या गळतीचा ठराव व्हायला सहा वर्षं लागली. तुम्ही आपले अकरा महिन्यांचे कागद पुन्हा करून घ्या.’